सुमनच्या खेळाच्या रेकॉर्डी

सुमन,

काल तुझी आई आणि तुझा धाकटा भाऊ तुझी होस्टेलची खोली रिकामी करून अकोल्याहून आले. बडनेऱ्याला गाडी बदलताना भावानं तुझ्या रेकॉर्डींच्या लोखंडी पेटीला हमालाचा हातसुद्धा लागू दिला नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतली. "ठेव बाई," आई मला म्हणाल्या, "हे तवे तुलेच समजतात. आमच्या घरी पोट्टे याचे चाकं करतीन." मी दोघांना जेवू घातलं, संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं, आणि घरी येऊन दार लावून रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि कागद पुढे ओढला.

तू गेल्याला अजून महिनाही झाला नाही. या दिवसांत तुझ्याविषयी मी जे जे ऐकलं ते तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. मेट्रनबाई म्हणाल्या, सुमनसिस्टर फार सोशिक. शेजारीण म्हणाली, कधी कोणाला उलटून बोलली नाही. ती काही वाद घालायची वेळ नव्हती. पण तू आणि सोशिक? आपली ओळख झाली तीच मुळी भांडणानं.

माझे बाबा अकोल्याला आत्याकडे गेले होते आणि तिथं तापानं पडले. त्यांना इस्पितळात ठेवलं म्हणून मी अमरावतीहून, शाळेतून रजा काढून धावत आले. त्या वॉर्डात तू नर्स. थर्मामीटर झटकता झटकता तू तोंडातल्या तोंडात एक धून गुणगुणत होतीस. मी म्हटलं, "सिस्टर, हे तुम्ही आमच्या वलगावच्या जत्रेत ऐकलं ना? रिंगा फेकायच्या दुकानावर वाजायचं."

तू थांबलीस. "वलगाव नाई, भातकुली. थो रिंगवाला आमच्याकडे पयले ये, मंग तुमच्याकडे जाये."

मी म्हटलं, तो वलगावचाच होता. तू म्हणालीस, भातकुलीचा. कितीतरी वेळ आपलं तेच चाललं. शेवटी बाबा खाटेवरून म्हणाले, "पोरीहो, माझा ताप तसाच हाय ना बापा. पाहून तर घ्या."

ते दुकान आपल्या दोघींच्याही डोळ्यांपुढे सारखंच होतं. लाल कापडावर मांडलेल्या साबणाच्या वड्या, फण्या, छोटे आरसे, मधोमध चिनी मातीचा कुत्रा. लाकडी रिंग फेकायची, ज्यावर पडेल ते आपलं. आणि डोक्यावरच्या भोंग्यातून क्लॅरिनेट आणि जलतरंग, दिवसभर एकच रेकॉर्ड, संपली की पुन्हा पहिल्यापासून. ते वाजवणं म्हणजे संगीत आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. धुळीसारखं, भज्यांच्या वासासारखं तेही जत्रेत असायचं, एवढंच.

तू मला बसवून समजावलंस. तुझी ड्यूटी संपली होती आणि आपण इस्पितळाच्या मागच्या कडुनिंबाखाली चहा पीत होतो. "पाय," तू म्हणालीस, "गाण्याले शेवट असते. गाणं संपलं की माणूस उठते. खेळाच्या बाजाले शेवट ठेवतच नाईत. थो फिरून तिथंच येते, पण अशा ढंगानं येते का तुले वाटलं पायजे, आता पडन रिंग. या वक्ती नाई पडली, पुढच्या वक्ती पडन. असं वाजवणं सोपं हाय का वं? शंभर खेपा ऐकून बी वीट नाई आला पायजे."

मग जरा थांबून म्हणालीस, "जत्रेत देवळाच्या पायरीजवळ आमाले उभं राहू देत नव्हते. रस्त्याच्या पल्याड थांबावं लागे. पण बाजाले काही दोरी बांधता येत नाई. थो आमच्यापावतर येये."

तू हे रडवेल्या तोंडानं सांगितलं नाहीस. आजचं जेवण काय होतं हे सांगावं तसं सांगितलंस आणि कप धुवायला घेतलास. मला मात्र त्या दिवसापासून ती धून पहिल्यासारखी ऐकू आली नाही.

तेव्हापासून आपण दोघी खेळाच्या रेकॉर्डी शोधू लागलो. हे नाव तूच दिलंस. सर्कशीत झोक्यांच्या कसरतीला वाजणाऱ्या, रहाटपाळण्यावर वाजणाऱ्या, तंबूतल्या सिनेमाआधी आणि मध्यंतरात वाजणाऱ्या. सगळ्या नुसत्या वाद्यांच्या, न गायलेल्या. अकोल्याच्या जुन्या बाजारातला भंगारवाला तर त्यांना 'खाली' म्हणायचा. "बाई, गाणं नाही त्यात, खाली तवा हाय." तू कमरेवर हात ठेवून त्याला विचारलंस, "खाली? कान लावून पायलं का कधी? भरून हाय बावा, काठोकाठ!" पुढे तो आपल्याला लांबून पाहिलं की ओरडायचा, "या सिस्टर, भरलेला माल आला!"

लोकांना आता नव्या, न फुटणाऱ्या रेकॉर्डी हव्या होत्या, त्यातही गाण्यांच्याच. तंबूवाले जुन्या तबकड्या काढून टाकत होते आणि आपण त्या फडक्यात गुंडाळून आणत होतो. वाजून वाजून त्या पांढुरक्या पडलेल्या. मी म्हणायचे, "राहू दे गं, पेटीत ठेवू, वाजवली की आणखी झिजेल." तू म्हणायचीस, "पेटीत ठेवलं तर थो भंगारवाला खरा झाला." मग त्यावर तोडही तूच काढलीस. फोनोला लोखंडी पिनेऐवजी बाभळीचा काटा. बाजू बदलली की काटा नवा घ्यायचा. आवाज बारीक व्हायचा, पण तबकडी दुखायची नाही. तुझ्या होस्टेलच्या खोलीत औषधाच्या रिकाम्या बाटलीत घासलेले काटे भरलेले असत. मेट्रनबाईंना वाटायचं, सिस्टर काही गावठी उपचार करतात.

माझ्या घरी तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला अजून टोचतो, आणि आठवला की हसूही येतं. सासूबाईंनी सगळ्यांना कपबशीत चहा दिला आणि तुझ्यापुढे कान तुटलेला, कोपऱ्यात वेगळा ठेवलेला कप सरकवला. मी काही बोलणार तोच तू माझा हात दाबलास. चहा सावकाश प्यायलीस. सासूबाई वाट पाहत होत्या की आता ही रीतीप्रमाणे आपला कप विसळून ठेवेल. तू तो त्यांच्यासमोर ठेवलास आणि अगदी गोड आवाजात म्हणालीस, "मावशी, कप तुमालेच धुवा लागन. मी पाहुणी हाय."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचे रंग मी मोजू शकले नाही. पण त्यांनी कप धुतला. तुला पोचवायला आले तेव्हा वाटेत माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तू म्हणालीस, "तू काहून रडून राहिली? मले जे सांगायचं थे सांगून झालं." तू येत राहिलीस, आणि केव्हातरी तो कप घरातून नाहीसा झाला. कोणी फेकला, सासूबाईंनी कधीच सांगितलं नाही. तू गेल्याची बातमी आली त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मात्र तुला सांगते.

मग तुझ्या वॉर्डात दम्यानं बेजार झालेले रहीममास्तर आले. सर्कशीच्या बँडमधले म्हातारे क्लॅरिनेटवाले. तू नेहमीसारखी तीच रिंगवाल्याची धून गुणगुणत औषध देत होतीस. ते उठून बसले. "सिस्टर, ये कहाँ सुना? ये तो मेरा बजाया हुआ हाय."

तुला आधी खरं वाटलं नाही. पण त्यांनी चादरीवर बोटं चालवून दाखवली, कुठलं बोट कुठं पडतं ते. तरुणपणी सर्कस मुंबईला असताना कोणीतरी बँडवाल्यांना बोलावून नेलं होतं. जाड पडदे लावलेल्या खोलीत ते वाजवून आले आणि विसरले. रेकॉर्डवर कोणाचं नाव नाही, नुसतं 'बँड'. एक प्रत त्यांना मिळाली होती, पण घरी यंत्र कधीच नव्हतं, आणि त्यांच्या बायकोनं ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली होती. स्वतःचं वाजवणं त्यांनी ऐकलं ते जत्रेच्या गोंगाटात, पाळणे, पिपाण्या आणि लेकरांच्या रडण्याआडून, तेही तुकड्यातुकड्यानं. शांतपणे, पुरतं, एकदाही नाही.

तू मला तातडीनं बोलावून घेतलंस. मी म्हटलं, तुझा फोनो आणि आपल्या पेटीतली ती रेकॉर्ड वॉर्डात नेऊ आणि ऐकवू. तू मान हलवलीस. "असं चोरून नाई. चार माणसात ऐकवायचं. लोक खुर्चीवर बसले पायजे, मास्तर समोर पायजे, अन कोणी भजे खात नाई पायजे."

म्हणून आपण अमरावतीच्या वाचनालयाचा हॉल मागितला. मी तिथली जुनी सभासद. तिथं व्याख्यानं होत, गाण्याच्या बैठका होत. सचिवांनी आपल्याला बसवलं, सरबत दिलं, कल्पना नवी आहे म्हणाले, आणि तारीखसुद्धा धरली. मग तू सांगितलंस की तुझ्या वस्तीतली माणसं येतील, कारण ही धून त्यांच्याच ओळखीची आहे. सचिव चष्मा पुसू लागले. आठवड्याभरानं त्यांनी आपल्याला पुन्हा बोलावलं.

"खेळातल्या रेकॉर्डी म्हणजे काही संगीत नव्हे, असं समितीचं मत पडलं," ते म्हणाले. मी वाद घालायला लागले तशी त्यांनी खरी गोष्ट सांगितली, अगदी मऊ आवाजात. "सिस्टर, तुम्ही केव्हाही या. तुमची गोष्ट वेगळी आहे. शिकलेल्या आहात. पण सगळी वस्ती हॉलमध्ये..."

तू उभी राहिलीस. "माझी गोठ वेगळी नाई," एवढंच म्हणालीस आणि बाहेर पडलीस.

मला वाटलं, संपलं. तू मात्र सायकलरिक्षात बसल्या बसल्या विचारलंस, "वलगावले सिनेमाचा तंबू लागला ना?"

तंबूचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी आधी वेड्यात काढलं. मग खेळाआधीचा वेळ दिला. तंबू गच्च भरला होता, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, माझ्या माहेरचे, तुझ्या भातकुलीचे, सगळे सिनेमासाठी आलेले. मास्तरांना भाऊंनी स्वतःची खुर्ची दिली. तू बाकावर चढलीस आणि माइक हातात घेतलास. "पिक्चर लावा!" असा ओरडा झाला, शिट्ट्या झाल्या. तू म्हणालीस, "शिट्ट्या मारायच्या असतीन तर सुरात मारा. या तव्यावर वाजवणारा माणूस समोर बसला हाय. त्यानं आयुष्यभर आपल्यासाठी वाजवलं. आज आपण त्याच्यासाठी चुप बसू."

चावी दिली, काटा ठेवला, फोनोच्या तोंडाशी माइक धरला. क्लॅरिनेट सुरू झालं आणि पाठीमागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, रिंगवाला!" थोडं हसू उठलं. मग तेही विरलं. मी लोकांकडे पाहत होते. पदर दाताखाली धरलेल्या बायका, मांडीवर टोप्या घेतलेली माणसं, सगळ्यांनी ती धून कितीदा ऐकली होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. मास्तर भोंग्याकडे पाहतच नव्हते. फिरणाऱ्या तबकडीवर नजर लावून बसले होते.

बाजू संपली. कोणी टाळी वाजवली नाही, काय करावं कोणाला सुचेना. तू माइक मास्तरांपुढे धरलास. त्यांनी घसा खाकरला.

"दुसऱ्या फेऱ्यात माझा सूर उतरला हाय," ते म्हणाले. "इतके वर्षं कोणाले समजलं नाही का?"

तंबू हसून हसून फुटायचा राहिला. बायकांतून एक आवाज आला, "आमाले तसाच आवडते, मास्तर!" मास्तरही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते तुला म्हणाले, "एक बार और लगाव बेटी. कुठं उतरला थे बराबर पाहू द्या." तू नवा काटा लावून पुन्हा लावलीस. या खेपेला सगळा तंबू त्या चुकीची वाट पाहत होता. ती आली तेव्हा मास्तरांनी हात वर केला, आणि मग टाळ्या थांबेनात. भाऊंचा सिनेमा त्या दिवशी उशिरा सुरू झाला आणि कोणी तक्रार केली नाही.

नंतर माझ्या माहेरच्या ओसरीवर सगळ्यांच्या पंगतीत बसून तू भाकरी मोडत म्हणालीस, "पायलं? कायले पायजे त्यायचा हॉल?"

मी म्हटलं, "तो त्यांचा नाहीच. गावाच्या जागेवर, गावाच्या वर्गणीतून उभा आहे. तो सोडून दिला तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल."

"मागाले गेलं का देणारा मोठा होते. आपला तंबू बरा."

"मागायचा नाही. घ्यायचा."

"घेऊन काय करशीन? त्या खुर्च्याइत मले कान नाई दिसले, नुसते उपरणे दिसले."

बाबा म्हणाले, जेवा आधी. आपण जेवलो, पण वाद संपला नाही. नंतर भेटलो तेव्हा तेव्हा तो तिथूनच पुढे सुरू व्हायचा. तू आपल्या जागेवरून हलली नाहीस, मीही नाही.

शेवटी भेटले तेव्हा तू स्वतःच्याच वॉर्डात खाटेवर होतीस. कावीळ इतकी चढली होती की डोळ्यांकडे पाहवत नव्हतं. मी कपाळावर हात ठेवला तर तू डोळे न उघडता विचारलंस, "हॉल घेतला का मंग?" मी म्हटलं, "घेणार आहे." तू म्हणालीस, "हट्टी हायेस. थांब, उद्या भांडू. आज दम नाई." मला शाळेसाठी परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतच तार आली.

तुला सांगायचं राहून गेलेलं फार काही मोठं नाही. मी आयुष्यभर सगळं दुसरं काही करता करता ऐकलं. निवडणं करताना, पाटी तपासताना, पोरांना निजवताना. हात मांडीवर ठेवून, काहीच न करता एखादी गोष्ट पुरती ऐकायची असते, हे मला तुझ्या त्या होस्टेलच्या खोलीत कळलं. बाईमाणसाला असं नुसतं बसता येतं, हेही तिथंच कळलं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू चेष्टा केली असतीस.

आता हॉलचं सांगते. मागच्या आठवड्यात सचिव माझ्या दारी आले. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "समितीच्या मनात आहे, आपल्या हॉलमध्ये सिस्टरांची शोकसभा घ्यावी. फोटो असेल तर द्या, हार घालून ठेवू."

मी विचारलं, "फोटो आत, आणि तिची वस्ती बाहेर?"

"छे, छे. आता तसं कोणी म्हणणार नाही."

"आता म्हणजे? ती गेल्यावर?"

ते पायरी उतरू लागले. मी म्हटलं, "शोकसभा नको. रेकॉर्डी ऐकायची सभा द्या, जी तिनं मागितली होती तीच. वस्ती येईल, भातकुली-वलगावचे लोक येतील, रहीममास्तर पुढे बसतील. भाषणं नकोत. फक्त एक गोष्ट सांगितली जाईल, की याच सभेला पूर्वी नाही म्हटलं होतं आणि का म्हटलं होतं."

"बाई, हे जरा जास्त होतंय."

"तुम्ही सांगितलंत तर दोन वाक्यांत होईल. मी सांगितलं तर लांबेल."

समितीची बैठक होती त्या दिवशी मी जाऊन बसले. उठा म्हणाले, उठले नाही. एकांनी नियम काढला, मी सभासद असल्याचं सांगितलं. एकांनी पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखाव्यात असं सुचवलं. मी म्हटलं, जरूर, निमंत्रणं मी देते. मग सचिवांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "द्या हॉल. ते दोन शब्द मीच बोलेन." ते लाजून म्हणाले की घाबरून, हे मला कळलं नाही, आणि खरं सांगू, मला त्याचं काही पडलंही नाही.

पहिलं निमंत्रण काल तुझ्या आईला दिलं, गाडी सुटायच्या वेळी, खिडकीतून. त्यांनी विचारलं, "बसाले काय हाय?" मी म्हटलं, खुर्च्या. "मंग येतो," त्या म्हणाल्या. "पयल्या रांगेत बसीन. मले लांबून ऐकू येत नाई."

येत्या रविवारी सभा आहे. तू असतीस तर मला अडवलं असतंस, मास्तरांना पुन्हा तंबूत नेलं असतंस, आणि कदाचित तुझंच बरोबर ठरलं असतं. मला ते अजून पटलेलं नाही. ऐकायला मी तुझ्याकडून शिकले, सुमन, पण या एका गोष्टीत तुझं ऐकणार नाही. हॉल आपला आहे.